पिल्लाची आई कोठे आहे?

मनुष्य आणि कुत्रा यांची सोबत फार जुनी आहे. काश्मीरमधील बुर्झहोम येथे उत्खनन झाले, तेव्हा नवाश्मयुगातील माणसांच्या दफनांबरोबर कुत्र्यांचेही सांगाडे आढळले. महाभारताच्या अखेरीस धर्मराजाची साथ शेवटपर्यंत करणारा सोबती एक कुत्राच होता. दत्तगुरूंच्या पायांशी चार श्वान बसलेले असतात. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे संत नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा तर महाराष्ट्रातील घराघरांत सांगितली जाते. अशा या प्राण्याचे पिल्लू आपल्या घरी असावे, असे मुलांना वाटले तर त्यात नवल नाही.

परंतु जनावर विकत घेणे ही आपल्याकडे नेहमीच पारखीची गोष्ट मानली गेली आहे. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीस यात्रा भरते. तेथील घोड्यांचा बाजार प्रसिद्ध आहे. त्या बाजारात आलेले गिऱ्हाईक घोड्याचे चित्र पाहून पैसे मोजीत नाही. ते घोड्याच्या मानेवरून हात फिरविते, दात पाहते, खूर उचलून बघते, त्याला चालवून व दौडवून पाहते आणि मगच किमतीची गोष्ट काढते. बैलबाजारातही शेतकऱ्याची हीच रीत आहे. रुमालाखाली बोटे धरून सौदा ठरतो, तो जनावर नीट डोळ्यांखालून घातल्यावरच. विकणारा समोर उभा असतो, त्याचे गाव ठाऊक असते आणि सौद्याला चार माणसे साक्षी असतात.

आता बाजार हाताच्या तळव्यावर आला आहे. मोबाइलच्या पडद्यावर घरबसल्या हजारो वस्तू दिसतात व त्यांत कुत्र्यांची पिल्लेही असतात. या सोयीचे लाभ पुष्कळ आहेत. दूरच्या गावच्या प्रामाणिक विक्रेत्याशीही तिच्यामुळे गाठ पडू शकते. मात्र या बाजारात डोळ्यांना केवळ चित्र दिसते आणि हाताला काहीच लागत नाही. विकणारा कोण, तो कोठे राहतो, त्याच्यापाशी पिल्लू आहे तरी की नाही, हे चित्र सांगत नाही. ठकांना हवी असते ती नेमकी हीच जागा.

एका तालुक्याच्या गावी घडलेली गोष्ट अशी. एस.टी.च्या आगारात काम करणाऱ्या एका कारागिराच्या घरी आजी, आई, वडील, बारावीत शिकणारी मुलगी व सहावीतला मुलगा अशी माणसे होती. मुलाला कुत्रा पाळण्याचा फार ध्यास. वार्षिक परीक्षेत त्याने चांगले गुण मिळविले, तेव्हा वडिलांनी त्याला पिल्लू आणून देण्याचे कबूल केले. त्याच आठवड्यात मुलाला मोबाइलवर एक जाहिरात दिसली. सोनेरी केसांचे, काळ्याभोर डोळ्यांचे लॅब्राडोर जातीचे ते पिल्लू होते. इतरत्र अशा पिल्लाची जी किंमत सांगत, तिच्या तिसऱ्या हिश्शातच ते मिळणार होते.

वडिलांनी दिलेल्या क्रमांकावर संदेश पाठविला. उत्तर तत्काळ आले. “साहेब, मी सैन्यात अधिकारी आहे. माझी बदली दूर झाली आहे. पिल्लाला बरोबर नेता येत नाही. पैशांचा लोभ नाही. त्याला प्रेमळ घर मिळावे एवढीच इच्छा आहे.” सोबत गणवेशातील एक छायाचित्र व ओळखपत्राचे चित्र होते. ते पाहून घरातील सर्वांना त्या माणसाविषयी आदर वाटला. “आणखी दोघे जण मागे लागले आहेत. आजच २,००० रुपये पाठविलेत तर पिल्लू तुमच्यासाठी राखून ठेवतो,” असा दुसरा संदेश आला. वडिलांनी पैसे पाठविले.

दुसऱ्या दिवशी गाडीभाड्याचे ३,५०० रुपये मागितले गेले. ते दिले. तिसऱ्या दिवशी ‘वाहतूक कार्यालया’तून म्हणून कोणी बोलले. पिल्लासाठी खास पिंजरा व विमा लागतो, त्याचे ४,५०० रुपये भरावेत, पिल्लू हाती येताच ते परत मिळतील, असे त्याने सांगितले. तेही दिले. त्याच संध्याकाळी पुन्हा निरोप आला. “लसीचा दाखला नसल्यामुळे पिल्लू वाटेत अडवून ठेवले आहे. ते उपाशी आहे. ८,००० रुपये लगेच भरा, नाहीतर त्याच्या जिवाला धोका आहे आणि जबाबदारी तुमच्यावर येईल.”

मुलगा रडू लागला. घरात ८,००० रुपये होते. आजीच्या डोळ्यातील मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ते बाजूला ठेवलेले होते. “आजीचे काम पुढच्या महिन्यात करू, आधी त्या मुक्या जिवाला सोडवू,” असे म्हणून वडिलांनी मोबाइल हाती घेतला. तेवढ्यात आजीने विचारले, “अरे, पण या पिल्लाची आई कुठं आहे?”

प्रश्न साधा होता. आजीने आयुष्यभर गुरे सांभाळली होती. गाईवाचून वासरू विकायला आणलेले दिसले, की जाणता माणूस पहिल्याने हेच विचारतो, हे तिला माहीत होते. वडिलांनी तो प्रश्न जसाच्या तसा लिहून पाठविला व पुढे म्हटले, “पिल्लू जिथे आहे तेथून आता समोरासमोर दाखवा.” पलीकडून उत्तर आले, “आधी पैसे, मग दाखवितो. तुम्हांला दयामाया आहे की नाही?” ताईने तोवर आपल्या मोबाइलवर पिल्लाचे छायाचित्र घेऊन, चित्रावरून चित्र शोधण्याची सोय वापरली. तेच पिल्लू, तीच सतरंजी, तीच खिडकी एका परदेशी संकेतस्थळावर सापडली. ते छायाचित्र तीन वर्षांपूर्वीचे होते. उपाशी अडकून पडलेले पिल्लू कोठेच नव्हते.

“माझ्यामुळे सगळं झालं, बाबा,” असे म्हणून मुलगा तोंड लपवून बसला. वडील त्याला जवळ घेऊन म्हणाले, “फसवणारा अपराधी असतो, फसलेला नव्हे. पण आपण लाजेने गप्प बसलो, तर उद्या तो दुसऱ्या घरी हाच खेळ करील.” त्यांनी त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर दूरध्वनी केला. शेवटचे ४,५०० रुपये ठकाच्या खात्यातून अजून काढले गेले नव्हते. ते बँकेने रोखून धरले व पुढे न्यायालयाच्या आदेशाने परत मिळाले. आधीचे पैसे मात्र गेले ते गेलेच. आजीची शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली.

या गोष्टीतील ठकाची रीत नीट पाहिली, तर तिच्या पायऱ्या ध्यानात येतात. पहिली पायरी स्वस्त किमतीची. दुसरी पायरी विश्वासाची, म्हणून तर तो आदरणीय माणसाचे सोंग घेतो. गणवेशाचे छायाचित्र किंवा ओळखपत्राचे चित्र कोणालाही चोरून वापरता येते. त्यामुळे ते पुराव्याच्या कामाचे नाही. तिसरी पायरी घाईची. ‘आजच’, ‘लगेच’, ‘नाहीतर दुसरा नेईल’ हे शब्द विचार करण्यास उसंत मिळू नये म्हणून वापरलेले असतात. चौथी पायरी लहान लहान रकमांची. एकदम १०,००० रुपये मागितले असते, तर कोणीही थबकले असते. परंतु २,००० गेल्यावर ते वाया जाऊ नयेत म्हणून माणूस ३,५०० देतो आणि ते दोन्ही वाचावेत म्हणून ४,५०० देतो. गाळात रुतलेला पाय काढण्यासाठी दुसरा पाय गाळात घालावा, तशी ही अवस्था होते. शेवटची पायरी भयाची व दयेची. लोभी माणूसच फसतो असे पुष्कळांना वाटते. येथे तर ठकाने लोभापेक्षा मायेचाच अधिक उपयोग करून घेतला.

आणखी एक युक्ती पुष्कळदा योजिली जाते. “चुकून जास्त पैसे घेतले, परत करतो,” असे सांगून ठक मोबाइलवर काळ्यापांढऱ्या चौकोनांची क्यूआर खूण पाठवितो व ती स्कॅन करून गुप्त पिन टाकण्यास सांगतो. भारतात २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेत पैसे देण्यासाठी पिन लागतो, पैसे घेण्यासाठी तो कधीच लागत नाही. म्हणून ‘पैसे मिळविण्यासाठी पिन टाका’ असे कोणी म्हणाले, की तो ठक आहे हे निश्चित समजावे. पिन व ओटीपी हे घराच्या किल्ल्यांसारखे आहेत. ते बँकेच्या माणसालाही सांगावयाचे नसतात.

मग पिल्लू घ्यावयाचे झाल्यास पारख कशी करावी? पहिला नियम आजीच्या प्रश्नातच आहे. पिल्लू त्याच्या आईजवळ, ते जेथे जन्मले त्या जागी, वडीलधाऱ्या माणसांसह जाऊन पाहावे. प्रत्यक्ष जाणे तूर्त शक्य नसेल, तर समोरासमोर चित्रभाष करून पिल्लू, त्याची आई व जागा पाहावी. पूर्वी काढून ठेवलेली चित्रफीत चालत नाही. बोलता बोलता ‘पिल्लाजवळ आजचे वर्तमानपत्र धरा’ असे सांगावे. खऱ्या विक्रेत्याला त्यात अडचण वाटत नाही. मात्र हेही केवळ पहिले पाऊल समजावे. पिल्लू प्रत्यक्ष पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत, आणि दिल्यावर नाव, पत्ता व रक्कम लिहिलेली पावती घ्यावी.

दुसरा नियम वयाचा. पिल्लाचे डोळे जन्मानंतर सुमारे दोन आठवड्यांनी उघडतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुधाचे दात दिसू लागतात. पुढे ते आईचे दूध हळूहळू सोडते आणि भावंडांशी खेळता खेळता चावावे किती व थांबावे कोठे हे शिकते. म्हणूनच २०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांच्या पैदाशीविषयी व विक्रीविषयी जे नियम केले, त्यांत आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकण्यास बंदी आहे. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, असेही त्या नियमांत सांगितले आहे. तेव्हा नोंदणीचा दाखला मागणे हा घेणाऱ्याचा अधिकार होय.

तिसरा नियम आरोग्याचा. पार्व्हो व डिस्टेंपर हे पिल्लांचे जीवघेणे रोग आहेत. त्यांवरील पहिली लस साधारणतः सहा ते आठ आठवड्यांच्या वयात देतात. रेबीजची लस सुमारे तीन महिन्यांच्या वयात देतात. लसीच्या पुस्तिकेवर पशुवैद्याची सही, शिक्का व तारीख असते. त्या पशुवैद्याला विचारून खात्री करून घेता येते. पिल्लाचे डोळे स्वच्छ असावेत, नाक वाहत नसावे, पोट फुगलेले नसावे व ते खेळकर असावे.

आईला पाहण्याचा आग्रह केवळ पैशांसाठी नाही. कधी पिल्लू खरोखर हाती येते, परंतु ते आजारी असते, कारण त्याची आई कोठेतरी अरुंद पिंजऱ्यात कोंडलेली असते व तिला वर्षानुवर्षे केवळ पिल्ले देण्यासाठी जगविलेले असते. ब्रिटनमध्ये वेल्स प्रांतातील अशाच एका जागेतून २०१३ साली लुसी नावाच्या कुत्रीची सुटका झाली. कोंडवाड्यामुळे तिची पाठ वाकली होती. एका दयाळू स्त्रीने तिला सांभाळले. २०१६ साली लुसी मरण पावली, परंतु तिच्या नावाने लोकांनी चळवळ चालविली. तिचे फळ म्हणून इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून ‘लुसीचा कायदा’ लागू झाला. सहा महिन्यांहून लहान पिल्लू तेथे व्यापाऱ्यामार्फत विकता येत नाही. ते पैदास करणाऱ्याकडूनच घ्यावे लागते व त्याने पिल्लू आईजवळ दाखवावे लागते, किंवा मग आश्रयगृहातून दत्तक घ्यावे लागते. आजीचा प्रश्न असा सातासमुद्रापलीकडे कायद्याच्या रूपाने उभा आहे.

इतके करूनही फसवणूक झालीच, तर वेळ दवडू नये. १९३० हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक असून ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार करता येते. सोबत आपल्या बँकेला कळवावे व पोलीस ठाण्यात जावे. ठकाचे संदेश संतापाने पुसून टाकू नयेत. संदेश, क्रमांक, खात्याचा तपशील व पैसे पाठविल्याची नोंद हेच पुरावे असतात. तक्रार जितकी लवकर होईल तितकी पैसे रोखले जाण्याची शक्यता अधिक. संगणकीय साधनांनी दुसऱ्याचे सोंग घेऊन फसविणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ६६-ड खाली गुन्हा आहे व त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. “थोडी फी द्या, तुमचे बुडालेले पैसे काढून देतो,” असे सांगणारा कोणी नंतर भेटला, तर तो दुसरा ठक समजावा.

अशा वेळी मुलांचे कर्तव्य काय? पुष्कळ घरांत मोबाइल हाताळण्यात मुलेच अधिक तरबेज असतात. वडीलधाऱ्यांना न विचारता कोणाला पैसे, पत्ता किंवा छायाचित्र पाठवू नये, हे त्यांनी कटाक्षाने पाळावे. वडीलधारी माणसे घाईत असतील, तर ताईप्रमाणे शांतपणे शोध घेऊन त्यांना सावध करावे. हातून काही चूक घडली, तर ती लपवू नये. लपविलेल्या चुकीवर ठक आपले दुसरे जाळे पसरतो.

कुत्रा पाळण्यासाठी महाग जातच हवी, असेही नाही. महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या कोरड्या प्रदेशातील कारवान आणि मुधोळ हे चपळ कुत्रे शिकारीसाठी व राखणीसाठी नावाजलेले आहेत. मुधोळ संस्थानचे घोरपडे राजे यांनी त्या कुत्र्यांची जोपासना केली. २००५ साली भारतीय टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ कुत्र्यालाही स्थान दिले. आणि ज्यांना कोणतीच थोर जात नाही, असे गल्लीतील साधे कुत्रे आपल्या उन्हापावसाला सरावलेले, काटक व इमानी असतात. त्यांच्या पिल्लांना गरज असते ती केवळ घराची.

त्या कारागिराच्या घरी पुढे तसेच एक पिल्लू आले. पावसाळ्यात आगाराच्या छपराखाली एक कुत्री व्याली. मुलगा रोज शाळा सुटल्यावर तिला भाकरी घेऊन जाई. पिल्लाला लगेच घरी आणण्याची त्याने घाई केली नाही. आठ आठवडे पुरे झाले तेव्हा ताईसह जाऊन त्याने ते आणले, पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले व लसीच्या तारखा भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहून ठेवल्या. पिल्लू घरी आल्यावरही आईसाठी आगारात भाकरी नेण्याचा त्याचा नेम सुटला नाही.

माया ही मोठी गोष्ट आहे. पण मायेला पारखीची जोड हवी. पारख नसलेली माया ठकाच्या हाती सापडते आणि माया नसलेली पारख मुक्या प्राण्याच्या काही उपयोगी पडत नाही.

स्वाध्याय

१. बाजारात जनावर घेताना गिऱ्हाईक कोणकोणत्या गोष्टी पाहते? मोबाइलवरील खरेदीत त्यांपैकी कोणत्या पाहता येत नाहीत?

२. ठकाच्या रीतीतील पाच पायऱ्या आपल्या शब्दांत लिहा.

३. ‘फसवणारा अपराधी असतो, फसलेला नव्हे,’ असे वडील का म्हणाले?

४. पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळ का असावे?

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : डोळ्यांखालून घालणे, सोंग घेणे, कटाक्षाने पाळणे.

६. घरातील वडीलधाऱ्यांना या पाठातील माहिती सांगा व १९३० हा क्रमांक सर्वांना दिसेल अशा जागी लिहून ठेवा.